नौका शंभरीला येते आहे, नदीचे काय?

दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर पुण्यात मुळा-मुठेच्या काठी एक आगळा सोहळा होतो. संगमाजवळ वसलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी आपल्या बोट क्लबच्या नौका पाण्यात उतरवतात. अरुंद, लांबट नौकांची रांग बाणाच्या आकारात सरकू लागते. सपाट तळाच्या नौकांवर तोल सांभाळत मुले-मुली रचना साकारतात. दिवस मावळल्यावर पेटत्या मशाली फिरू लागतात आणि त्यांचा उजेड पाण्यावर थरथरतो. काठावर दाटीवाटीने बसलेल्या पुणेकरांना क्षणभर वाटते, आपल्या शहरातून खरोखरच एक नदी वाहते आहे.

मात्र वारा फिरला की नाकाला रुमाल लावावा लागतो. अंधारात जे पाणी इतके देखणे दिसते, त्याचे खरे रूप सकाळी संगम पुलावरून जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ‘रेगाटा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सोहळ्यामागील बोट क्लबची स्थापना १९२८ सालची. म्हणजे २०२८ मध्ये क्लबला शंभर वर्षे पूर्ण होतील. सत्कार होतील, स्मरणिका निघतील, माजी विद्यार्थी देशोदेशींहून येतील. हे सारे यथोचितच आहे. परंतु शताब्दीच्या दिवशी नौका कोणत्या पाण्यात उतरणार, हा प्रश्न त्या महाविद्यालयापुरता मर्यादित नाही. तो पुण्याचा आहे आणि नदीला माता म्हणणाऱ्या साऱ्या समाजाचा आहे.

बंधारा, महाविद्यालय आणि नौका

या महाविद्यालयाची मुळे १८५४ सालापर्यंत जातात. ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ या नावाने ते सुरू झाले, ते सार्वजनिक बांधकाम खात्याला लागणारे दुय्यम अधिकारी घडवण्यासाठी. रस्ते, पूल, कालवे, पाटबंधारे ही त्या काळच्या अभियंत्याची मुख्य कामे. साहजिकच पाण्याशी या संस्थेचे नाते पहिल्यापासूनचे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या याच संस्थेतून १८८३ मध्ये अभियंता होऊन बाहेर पडले. पुढे त्यांनी कल्पिलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये मुठेवरील खडकवासला धरणाला बसवण्यात आले. ज्या नदीकाठी शिक्षण घेतले, तिच्याच पाण्याचे नियमन करणारी योजना एका विद्यार्थ्याने उभी केली. गुरुदक्षिणेचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

दख्खनच्या पठारावरील नद्या पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात आणि उन्हाळ्यात खडकांवर येतात. अशा नदीत नौकानयनाचा क्लब बारा महिने तग धरू शकतो, याचे श्रेय एका बंधाऱ्याला जाते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दानशूर जमशेटजी जिजीभॉय यांच्या औदार्यातून येरवड्यानजीक मुळा-मुठेवर दगडी बंधारा उभा राहिला. आज ‘बंडगार्डन’ हे नाव पुण्यात कोणाच्याही तोंडी असते, पण त्यातला ‘बंड’ म्हणजे हाच बंधारा, हे फार थोड्यांना ठाऊक असते. या बंधाऱ्यामुळे वरच्या बाजूला पाण्याचा संथ फुगवटा तयार झाला. गोऱ्या अधिकाऱ्यांनी त्यावर प्रथम नौका फिरवल्या. पुढे त्याच पाण्यावर देशी विद्यार्थ्यांनी वल्ही हाती घेतली.

१९२८ हे वर्षही लक्षणीय आहे. त्याच वर्षी भारताच्या हॉकी संघाने ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये आपले पहिले सुवर्णपदक जिंकले. खेळाच्या मैदानावर हिंदुस्थानी तरुण कोणाहून कमी नाही, हे जगाने पाहिले. पारतंत्र्यातील त्या पिढीला व्यायाम आणि सांघिक खेळ यांत राष्ट्राच्या उभारणीची बीजे दिसत होती. तालमी, आखाडे आणि व्यायामशाळा यांचा तो काळ. त्याच काळात पुण्यात विद्यार्थ्यांचा नौका क्लब जन्माला आला, ही गोष्ट सहज विसरण्याजोगी नाही.

खेळ परका की आपला?

शर्यतीचे हे आधुनिक नौकानयन इंग्रजांकडून आले, यात शंका नाही. म्हणून ते परके ठरत नाही. वल्ह्याला संस्कृतात ‘अरित्र’ असा स्वतंत्र शब्द आहे, आणि समुद्रात बुडू लागलेल्या भुज्यूला अश्विनीकुमारांनी शंभर वल्ह्यांच्या नौकेतून तारल्याची कथा ऋग्वेदात येते. छत्रपती शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी हाती येताच आरमाराची पायाभरणी केली. कान्होजी आंग्र्यांची गलबते चाळीस-पन्नास वल्ह्यांच्या बळावर वारा पडलेला असतानाही शत्रूचा पाठलाग करीत. केरळात आरन्मुळेच्या मंदिरापाशी आजही सर्पनौका धावतात आणि शेकडो हात एका तालावर पाणी कापतात. सारांश, वल्ह्याचे आणि या भूमीचे नाते जुनेच आहे. इंग्रजांकडून आली ती शर्यतीची पद्धत.

या खेळाचा स्वभावही समजून घेण्यासारखा आहे. वल्हवणारा पाठमोरा बसतो. जिकडे जायचे, तिकडे त्याची पाठ असते. अनेकांच्या नौकेत तो पुढच्या सोबत्याच्या पाठीकडे पाहतो आणि दिशेची जबाबदारी विश्वासाने दुसऱ्यावर सोपवतो. एकाने अर्धा क्षण आधी वल्हे टाकले, तर साऱ्यांची लय बिघडते. येथे वैयक्तिक पराक्रमाला टाळ्या नाहीत. सर्वांत बलवान गड्याने एकट्याने जोर लावला, तर नौका वाकडी जाते. संघभावना या शब्दाचा अर्थ व्याख्यानातून सांगावा लागतो, तो या नौकेत बसणाऱ्याच्या तळहाताला पडलेल्या घट्ट्यांतून आपोआप उमगतो.

पुण्याच्या बोट क्लबचे विशेष असे की त्याचा कारभार विद्यार्थ्यांच्या हाती असतो. वरच्या वर्गातील मुले नवोदितांना शिकवतात, नौकांची निगा राखतात, सोहळ्याची आखणी करतात. चार वर्षांनी ती पदवी घेऊन निघून जातात आणि वल्हे पुढच्यांच्या हाती देतात. ज्या संस्थेचे सगळे कार्यकर्ते दर चार वर्षांनी बदलतात, ती संस्था जवळजवळ शंभर वर्षे टिकते, हे आश्चर्य लहान नाही. पगारी व्यवस्थापकांच्या भरवशावर चालणाऱ्या कितीतरी संस्था इतकी वर्षे जगत नाहीत. परंपरा म्हणतात ती हीच. ती कागदावर लिहून टिकत नाही, एका हातातून दुसऱ्या हातात गेली तरच टिकते.

नदी आटली, नाला उरला

परंतु नौका विद्यार्थ्यांच्या हाती असली, तरी नदी त्यांच्या हाती नाही. मुठेच्या खोऱ्यात खडकवासल्याच्या वर पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही धरणे बांधली गेली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि नदीने पुण्याला आपल्या सामर्थ्याची भीषण जाणीव करून दिली. त्यानंतर शहराने नदीला पुन्हा भिंतींमागे आवरले, आणि आवरता आवरता तिला विसरून गेले. धरणातले स्वच्छ पाणी नळाने घरात येते आणि वापरून झाले की सांडपाणी होऊन त्याच नदीत परतते. पावसाळा सरला की मुठेच्या पात्रात जे वाहताना दिसते, त्यात डोंगराचे पाणी थोडे आणि शहराचे सांडपाणी फार. मुळेला दापोडीजवळ पवना मिळते, ती पिंपरी-चिंचवडचा भार घेऊनच. २०११ च्या जनगणनेनुसार पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांवर आणि पिंपरी-चिंचवडची १७ लाखांवर होती. त्यानंतर दोन्ही शहरे आणखी फुगली. या साऱ्यांच्या न्हाणीघरांचा आणि शौचालयांचा हिशेब संगमावर येऊन मिळतो.

परिणाम डोळ्यांना दिसतात. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद यांवर जलपर्णी पोसते आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला नदीवर हिरवा गालिचा पसरतो. लांबून तो सुंदर भासतो, पण त्याखालच्या पाण्याला ना सूर्यप्रकाश मिळतो ना प्राणवायू. त्यात वल्हे अडकते, नौका रुतते. रेगाट्याच्या सरावाचा मोसम आणि जलपर्णीचा मोसम एकच असावा, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांतील सर्वाधिक, म्हणजे ५३, महाराष्ट्रातील होते आणि त्यांत पुण्याच्या नद्यांचाही समावेश होता. संतांची भूमी म्हणवणाऱ्या राज्याला हा पहिला क्रमांक भूषणावह नाही.

ही घाण पुण्याची हद्द संपली की संपत नाही. मुळा-मुठा रांजणगाव सांडस येथे भीमेला मिळते. भीमा उजनीच्या जलाशयात जाते आणि तेथून पुढे पंढरीला पोहोचते. आषाढीला लाखो वारकरी ज्या चंद्रभागेत श्रद्धेने बुडी मारतात, ती हीच भीमा. पुण्यात वारीचे स्वागत फुलांनी करायचे आणि वारकऱ्यांच्या स्नानाच्या पाण्यात आपले सांडपाणी सोडायचे, ही विसंगती कोणत्याही सुसंस्कृत शहराला अस्वस्थ करणारी आहे.

थेम्सचा धडा

नदीकाठच्या विद्यार्थ्यांचे क्लब आणि नदीचे आरोग्य यांचे नाते जगात इतरत्रही दिसते. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन विद्यापीठांतील नौकाशर्यत प्रथम १८२९ मध्ये थेम्स नदीवर हेन्ली येथे झाली. आज ती जगातील सर्वांत प्रसिद्ध विद्यार्थी नौकाशर्यत आहे. पण थेम्सचा इतिहास काही निर्मळ नाही. १८५८ च्या उन्हाळ्यात लंडनची थेम्स इतकी कुजली की संसदेच्या पडद्यांना चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवण्याची वेळ आली. दुर्गंधी थेट राज्यकर्त्यांच्या नाकात शिरली, तेव्हा कुठे पैसा मंजूर झाला आणि जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याने सांडपाण्याचे प्रचंड जाळे उभारले. तरीही लंडन वाढत राहिले आणि १९५७ मध्ये तज्ज्ञांनी नदीला जैविकदृष्ट्या मृत ठरवले. त्यानंतर दशकानुदशके झालेल्या शुद्धीकरणाने तिच्यात पुन्हा मासे आले.

पण तेथेही ढिलाई झाली. २०२४ च्या शर्यतीपूर्वी थेम्सच्या पाण्यात ई. कोलाय जिवाणूंचे धोकादायक प्रमाण आढळले. पाणी अंगावर उडू न देण्याची सूचना खेळाडूंना देण्यात आली. जिंकलेल्या चमूने आपल्या सुकाणूधारकाला पाण्यात टाकून आनंद साजरा करण्याची प्रथाही टाळण्यास सांगण्यात आले. जगभर पाहिल्या जाणाऱ्या शर्यतीतील हा लाजिरवाणा प्रसंग सगळ्या देशाच्या चर्चेचा विषय झाला. सांडपाणी नदीत जाण्यापूर्वीच अडवण्यासाठी खोदलेला २५ किलोमीटर लांबीचा बोगदा २०२५ मध्ये पूर्णपणे जोडला गेला.

यातून घेण्याजोगे दोन धडे आहेत. एक, मेलेली नदी जिवंत होऊ शकते. दोन, जिवंत केलेली नदीही दुर्लक्षाने पुन्हा आजारी पडते. आणि या दोन्ही वेळी नदीवर सतत वावरणारे, तिच्या पाण्याचे तुषार अंगावर घेणारे लोक हे तिचे पहिले साक्षीदार असतात.

रामगढचे कोरडे पात्र

दूरचे उदाहरण नको असेल, तर जयपूरकडे पाहावे. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकानयनाच्या शर्यती जयपूरजवळील रामगढ तलावात झाल्या होत्या. पुढे पाणलोटात अतिक्रमणे झाली, पाण्याच्या वाटा अडल्या आणि तो विशाल तलाव कोरडा पडला. ज्या जागी आशिया खंडातील नौका धावल्या, तेथे जमीन भेगाळली. खेळाची परंपरा कितीही मोठी असो, पाणी गेले की ती स्मृतीतच उरते.

महाराष्ट्राच्या मातीत या खेळाची गुणवत्ता नाही, असेही म्हणता येणार नाही. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्याच्या दुष्काळी पट्ट्यातून आलेला दत्तू भोकनळ २०१२ मध्ये सैन्यात भरती झाला आणि पुण्यात त्याच्या हाती वल्हे आले. अवघ्या चार वर्षांत, २०१६ मध्ये, तो रिओ ऑलिंपिकमध्ये देशाचे प्रतिनिधित्व करून तेरावा आला. २०१८ मध्ये आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेतून त्याने सुवर्णपदक मिळवले. जेथे पिण्याच्या पाण्याची भ्रांत, तेथला तरुण पाण्यावरचा विजेता होतो. सैन्याने त्याला शिस्त दिली, प्रशिक्षण दिले आणि नौका घालण्याजोगे पाणीही दिले. पुण्यात लष्कराचे नौकानयन केंद्र जे करू शकते, ते पुण्याच्या नदीला आपल्या मुलांसाठी करता येऊ नये, याचा दोष नदीला देता येणार नाही.

आधी पाणी, मग काठ

उपायांची चर्चा झालेली नाही असे नाही. मुळा-मुठेच्या प्रदूषण निर्मूलनासाठी जपानच्या सहकार्याने सुमारे ९९० कोटी रुपयांच्या प्रकल्पाचा करार जानेवारी २०१६ मध्ये झाला. त्यात अकरा नवी सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे योजलेली होती. मूळ मुदत जानेवारी २०२२ ची. ती मुदत निविदा, जागा आणि फेरविचार यांच्या घोळात निघून गेली. दरम्यान ४४ किलोमीटर लांबीच्या नदीकाठ विकास योजनेची पायाभरणी ६ मार्च २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाली आणि बंडगार्डनच्या परिसरात काठ बदलताना दिसू लागले.

काठ सुधारू नयेत, असे कोणी म्हणणार नाही. नदीकडे पाठ फिरवलेले शहर काठाच्या निमित्ताने पुन्हा नदीकडे तोंड करील, या युक्तिवादात तथ्य आहे. लोक नदीवर आले, तर नदीची काळजी वाढेल. परंतु क्रम महत्त्वाचा आहे. घरात पाहुणे यायचे म्हणून ओसरी सारवावी आणि माजघरात कचरा तसाच ठेवावा, तशातला हा प्रकार होऊ नये. दगडी घाटाच्या पायऱ्या उतरून गेलेल्या माणसाला शेवटच्या पायरीवर सांडपाणीच भेटणार असेल, तर त्या पायऱ्यांचा उपयोग काय? शुद्धीकरण केंद्रे नजरेआड असतात, त्यांचे उद्घाटन छायाचित्रात देखणे दिसत नाही. म्हणूनच ती मागे पडतात. नागरिकांनी आपल्या प्रतिनिधींना काठाविषयी एक प्रश्न विचारला, तर पाण्याविषयी दोन विचारले पाहिजेत.

शासनाकडे बोट दाखवून समाजाची सुटका होत नाही. निर्माल्य, प्लास्टिकच्या पिशव्या आणि बांधकामाचा राडारोडा नदीत टाकणारे हात सरकारी नसतात. मैलावाहिनी पावसाच्या गटाराला गुपचूप जोडणारा बांधकाम व्यावसायिक आणि तिकडे काणाडोळा करणारी सोसायटी, दोघेही याच शहरातील प्रतिष्ठित असतात. घरच्या कलशात ‘गंगे च यमुने’ म्हणत नद्यांना बोलवायचे आणि दारातील नदीला विसरायचे, हा आचार धर्माला धरून नाही.

बोट क्लबची शताब्दी ही या दृष्टीने एक संधी आहे. २०२२ मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या या संस्थेत पाण्याचे अभियंते घडतात. केंद्रीय मंडळाच्या निकषानुसार स्नानयोग्य पाण्यात प्रतिलिटर किमान ५ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू असावा लागतो आणि जैविक प्राणवायू मागणी ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये. विद्यार्थ्यांनी दर महिन्याला आपल्या नौकेतून नदीच्या पाण्याचे नमुने घ्यावेत, तपासावेत आणि ते आकडे नौकागृहाबाहेर फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावेत. त्याला मोठा निधी लागत नाही. शंभर वर्षांत जमलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कितीतरी जण महापालिकांत, पाटबंधारे खात्यात, मोठ्या कंपन्यांत अधिकारपदे भूषवून गेले किंवा भूषवीत आहेत. त्यांनी शताब्दीची भेट म्हणून नवी नौका द्यावीच, पण आपल्या शब्दाचे वजन एखाद्या रखडलेल्या शुद्धीकरण केंद्रामागेही टाकावे. विश्वेश्वरय्यांचे नाव सांगणाऱ्यांकडून एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

वल्हवणाऱ्याची पाठ पुढे असते आणि तोंड मागे. त्याला दिसते ते आपण कापत आलेले पाणी. पुण्याच्या या नौकेने शंभर वर्षांत कापलेले पाणी पाहिले, तर ते वर्षागणिक काळवंडत गेलेले दिसते. पुढचे पाणी कसे असेल, हे सुकाणूवर बसलेल्याने पाहायचे असते, आणि येथे सुकाणू समाजाच्या हाती आहे. २०२८ च्या रेगाट्यात मशाली पेटतील, तेव्हा काठावरच्या एखाद्या आजोबांना नातवाचा हात धरून बेलाशक पाण्यात पाय बुडवता आले, तर शताब्दी खऱ्या अर्थाने साजरी झाली असे म्हणता येईल.